मंडईत हरपलेले पैसे

मोहाडीच्या आमच्या केंद्राची पाटी ज्या रंगाऱ्याने रंगवली, त्याचे माझ्यावर फार उपकार आहेत. मी त्याला लिहून दिलं होतं, ‘महिला आणि पैसा : मनातल्या अडचणींवर मोफत सल्ला’. पाटी लहान पडली. मग त्याने ‘महिला’, ‘पैसा’ आणि ‘मोफत’ हे तीन शब्द वीतभर उंच काढले आणि बाकीचे त्यांच्या पायाशी मुंग्यांसारखे बसवले. तहसील कार्यालय हाकेच्या अंतरावर. पहिल्याच सकाळी कुलूप उघडायला गेले तर आधार कार्डाची झेरॉक्स घेतलेल्या बायकांची रांग थेट रस्त्यापर्यंत.

“नाव चढवा जी,” पहिली म्हणाली.

“कशासाठी?”

“थे तुमाले मालूम. आमी त् पाटी वाचून आलो.”

इथे पैसे मिळत नाहीत, पैशाबद्दल बोलायचं असतं, असं मी घसा ताणून सांगितलं. रांगेतली एक म्हातारी म्हणाली, “नुसतं बोलाले त् घरी नवरा हाये ना.” रांग हसत हसत फुटली. चारदोन जणी मात्र आत पंखा चालू आहे म्हणून बसून राहिल्या आणि बसल्या बसल्या बोलायला लागल्या. माझं काम त्या पंख्याखाली सुरू झालं. निवृत्त होईपर्यंत मी ती पाटी बदलली नाही.

आता निवृत्तीनंतरही लोक विचारतात, तुम्ही नेमकं करत काय होता? बचत शिकवत होता का? नाही. हिशेब शिकवायला पुष्कळ लोक आहेत. पैसा हातात आल्यावर बाईच्या आत काय होतं, ते मी ऐकत होते. कुणाला घाम फुटतो. कुणाला हक्काचे मागायचे म्हटलं तरी घसा कोरडा पडतो. एक शिक्षिका होती, पगार जमा झाल्याचा मेसेज आला की तिचं डोकं दुखायला लागायचं. ती दोनदा येऊन गेली, पुन्हा आली नाही. तिचं डोकं थांबलं की नाही, हे मला आजही जाणून घ्यायचं आहे. दुसरी एक प्रत्येक बाजाराला स्टीलचा नवा डबा घ्यायची. घर डब्यांनी भरलं, डबे मात्र रिकामे. “भराले काही नसलं तरी चालते,” ती म्हणायची, “झाकण पाहिजे.” तिच्या माहेरी धान्य उघड्यावर असायचं आणि रोज उंदरांशी लढाई. तिला खरेदीचा सोस नव्हता, तिला झाकणाचा सोस होता. हे कळल्यावर तिची तीच इतकी हसली की तिच्यावर पहारा ठेवायला आलेली सासू तिला ढकलून म्हणाली, “तू सरक. आता मले बसू दे.”

माझं हत्यार म्हणजे एकच प्रश्न. लहानपणी तुमच्या घरी पैसा कुठे ठेवायचे, आणि तिथे हात कोण घालायचं? प्रश्न साधा आहे, पण तो विचारला की माणूस एकदम फ्रॉकात जाऊन बसतो.

या प्रश्नाच्या उत्तराने एकदा माझीच फजिती केली. ती आंबागडच्या सगुणाबाईची गोष्ट.

सुरुवात तिच्या नवऱ्यापासून झाली. देवाजी त्याचं नाव. जंगलखात्याच्या कामावर जाणारा, उंच, हडकुळा, बोलताना स्वतःच्या चपलांकडे पाहणारा माणूस. एका दुपारी दारात उभा राहून म्हणाला, “मॅडम, बायाइचंच पाहता का माणसाचंबी पाहता?”

“काय झालं?”

“बायकोचा लय तरास हाये जी.”

मी त्याला बसवलं. “मारते का?”

“नाही जी.”

“शिव्या देते?”

“थे त् देते. त्याचं काही नाही.”

“मग?”

त्याने आवाज अगदी खाली आणला. “सगळे पैसे मले देते.”

बायकोने पैसे दिले नाहीत म्हणून भांडणारे नवरे मी पोत्याने पाहिले होते. हा पहिलाच. सगुणाबाई बकऱ्या पाळायची आणि विकायची. भाव असा मिळवायची की गावातल्या बायका आपलेही बकरे तिच्याच हाती द्यायच्या. पण बाजार उठला की सगळा गठ्ठा देवाजीच्या हातात ठेवून ती मोकळी.

“मंग मी राखणदार,” देवाजी म्हणाला. “धानाच्या कोठीत ठेवले का उंदराचं भेव. छपरात ठेवले का पाण्याचं भेव. बँकेत नेतो म्हणलं त् रस्त्यात कोणी इचारते, देवाजी कुठी चालला? मी खरं सांगून टाकतो. मंग थो मागते. मले नाही म्हणता येत नाही जी. मले झोप नाही. तिले म्हणा, तुहे पैसे तू ठेव.”

त्या पैशांतून त्यांना बकऱ्यांसाठी पक्का, जाळीचा गोठा बांधायचा होता. आंबागडला जंगल अगदी अंगणाशी. बिबट्याने त्या हंगामात त्यांच्या बकऱ्या उचलल्या होत्या, एक तर देवाजीच्या डोळ्यांदेखत. आणि गोठ्याचा पैसा असा ह्याच्यात्याच्या हाती चालला होता.

सगुणाबाईला निरोप पाठवला तर उत्तर आलं, “मले टाइम नाही. काम असन त् बाजारात या.” मी गेले. मोहाडीच्या बाजारात बकऱ्यांच्या घोळक्यात पन्नाशीची एक ठेंगणी बाई कमरेवर हात ठेवून उभी होती. समोर तुमसरचा मटणवाला.

“ह्या बकऱ्यात त् हाडंच हाडं दिसून राहिली,” तो म्हणाला.

“मंग आधी डोळे तपासून या. बकरा कुठी पळून नाही जात.”

त्याने भाव सांगितला. तिने काही न बोलता बकऱ्याचं दावं दुसऱ्या खुंट्याला बांधलं आणि त्याच्याकडे पाठ केली. तो वाढला. ती वळली नाही. तो आणखी वाढला, चिडला, शेवटी तिच्याच भावाला आला. एवढी वाघीण. पण नोटा हातात पडताच तिने त्या मागे उभ्या असलेल्या देवाजीच्या हातात अशा टाकल्या, जसा तापलेला तवा पोळायच्या आत खाली ठेवावा. मग पदराला हात पुसले.

पुढच्या आठवड्यात ती केंद्रात आली, एक डोळा घड्याळाकडे ठेवून. मी एक पाचशेची नोट तिला दिली आणि म्हटलं, “मी चहा करून आणते, तोवर ही मुठीत धरून बसा.” चहा घेऊन आले तर नोट टेबलावर. तिच्यावर काचेचं वजन, त्यावर माझा स्टेपलर, आणि सगळ्यांच्या वर केंद्राचा टेलिफोन.

“हे काय?”

“हरपली असती त्?”

“चार भिंतींच्या आत?”

“माह्या मायनं त् भर मंडईत हरपले जी,” ती म्हणाली. माझा प्रश्न विचारायची गरजच पडली नाही.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दुकानं, पाळणे, आणि मधोमध दंडार, म्हणजे नाचगाण्याचा खेळ. सगुणा तेव्हा लहान. बापाने धान विकलं होतं, पैसे आईच्या पदराला बांधायला दिले आणि स्वतः दंडार पाहायला पुढे जाऊन बसला. आई सगुणाला भज्याच्या दुकानाजवळ शेजारणीपाशी ठेवून बांगड्या पाहायला गेली. परत आली तेव्हा पदराची गाठ सुटलेली. “पैसे हरपले!” आईने हंबरडा फोडला. सगळी मंडई शोधायला लागली. दंडार थांबली. बाईचं सोंग घेतलेला नाच्यासुद्धा लुगडं सावरत गवतात वाकला होता. सगुणा रडत रडत भज्याच्या भट्टीखाली शोधत होती. पैसे सापडले नाहीत. त्या वर्षी घरात नवा बैल आला नाही, कुणाला कपडे आले नाहीत, आणि शाळेत सगुणाचं नाव पडलं, ‘पैसे हरपणारीची पोट्टी’.

“माह्या मायच्या हाताले छेद हाये,” ती म्हणाली. “थोच मले आला.”

मला हे फार आवडलं. म्हणजे तिचं दुःख नाही, माझं निदान. आईची भीती लेकीत उतरली, उघड दिसत होतं. आता आईला बोलवायचं, तिच्या तोंडून त्या दिवसाचं दुःख वदवायचं, लेकीने आईला माफ करायचं, आणि छेद बुजला. तिची आई यमुनाबाई मोहाडीतच मुलाकडे राहत होती, केंद्राच्या मागच्याच गल्लीत. मी टेबलावर धुतलेले रुमाल ठेवले.

यमुनाबाई आली. पार वाकलेली, पण डोळे चिमणीसारखे. सगुणाबाई तिच्याशेजारी बसली.

“आजी,” मी आवाज मऊ करून म्हटलं, “त्या दिवशी मंडईत पैसे हरवले, तेव्हा तुम्हाला काय वाटलं?”

“बरं वाटलं.”

“बरं?”

“हरपले कोठी वो? गिरजाले दिले.” आणि म्हातारी बोळकं उघडून हसली.

गिरजा म्हणजे तिची धाकटी बहीण. नवऱ्याने घराबाहेर काढलेली. ती मंडईत भेटली आणि म्हणाली, एक शिलाई मशीन मिळाली तर मी कुणाच्या दारात जाणार नाही. यमुनाबाईने पदराची गाठ तिथेच सोडली.

“बाबाले सांगाचं ना!” सगुणाबाई ओरडली.

“थो नाही म्हणला असता त्? मंग मले चोरी करा लागली असती. हरपले म्हणलं का चोरीबी नाही, भांडणबी नाही.”

“अना मी? मी भट्टीखाली रडत रडत धुंडत होती ना!”

“हाव. तू लय चांगली रडली,” आई कौतुकाने म्हणाली. “म्हणून त् सगळ्याइले खरं वाटलं.”

सगुणाबाई उठली. दारापर्यंत गेली आणि वळली. “मले कधी सांगावं नाही वाटलं तुले? एवढे वर्ष मी माह्या हाताले फुटका समजून राहिली.”

“तुह्या पोटात काही राहे नाही, म्हणून नाही सांगतलं.”

ती निघून गेली. यमुनाबाई माझ्याकडे पाहून म्हणाली, “आता काय झालं इले? पैसे हरपले नाही, हे चांगलंच हाये ना?” माझ्या प्रशिक्षणात रडणाऱ्या आयांसाठी रुमाल होते. हसणाऱ्या आयांसाठी काहीच नव्हतं.

त्यानंतर सगुणाबाई केंद्रात आली नाही. बाजारात मला पाहिलं की बकऱ्यांकडे वळायची. आईशी बोलणं बंद. मी स्वतःला समजावत होते की खरं कळलं ते बरंच झालं, पण जेवताना तिचा तो दारातला चेहरा आठवायचा.

मग एक दिवस देवाजी धापा टाकत आला. त्याचा एक चुलतभाऊ कसल्याशा दामदुपटीच्या योजनेत शिरला होता आणि देवाजीच्या मागे लागला होता. उद्या सकाळी पैसे न्यायला येणार होता.

“तुम्ही हो म्हणालात?”

“‘नाही’ असं नाही म्हणलो जी.”

“सगुणाबाईंना सांगा.”

“थे बोलून नाही राहिली. ना मायशी, ना माह्याशी.”

मी तिला फोन लावला. तिने उचलला. मी एवढंच म्हटलं, “उद्या तुमचा दीर गोठ्याचे पैसे न्यायला येतो आहे. देवाजी त्याला नाही म्हणू शकणार नाही. पुढचं तुम्ही पाहा.” फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी देवाजी आला, आणि मी पहिल्यांदा त्याचे दात पाहिले. इतका हसत होता की त्याला आधी पाणी द्यावं लागलं.

सकाळी सगुणाबाईने त्याच्यासमोर हात पसरला. “पैसे दे.” त्याने कोठीतून काढून दिले. तिने ते पदरात बांधले, आयुष्यात पहिल्यांदा. दीर आला, चहा प्याला, म्हणाला, “दादा, पैसे?” देवाजीने नेहमीप्रमाणे खरं सांगितलं, “तुह्या वहिनीपाशी हायत.”

“वहिनी, आना मंग.”

सगुणाबाईने पदर चाचपला. पुन्हा चाचपला. मग दोन्ही हात कपाळावर मारून किंचाळली, “अवो माय वो! गाठ सुटली! हरपले!”

शेजारपाजार धावला. अंगण झाडलं गेलं, चूल उकरली गेली. दीर तर नवी पॅन्ट घालून गोठ्यात गुडघ्यांवर रांगला आणि लेंड्या चिवडत राहिला. “आता हिची मायच हरपणारी,” कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांना ते पटलं.

“अन् तुम्ही?” मी विचारलं.

“मीबी धुंडलं ना जी! मले कुठी मालूम? मी लय रडलो. म्हणून त् त्याले खरं वाटलं.”

दीर हात धुऊन निघून गेला. सगुणाबाईने चोळीतून पैसे काढून नवऱ्याला दाखवले आणि परत ठेवले. नंतर तो चुलतभाऊ दुसऱ्या कुणाच्या अंगणात गेला असेल, इकडे फिरकला नाही. गोठ्याला जाळी बसली. “मॅडम,” त्या संध्याकाळी जाताना देवाजी म्हणाला, “आता मले नाही म्हणाची गरजच नाही. कोणी मागतलं त् सांगतो, बायकोनं हरपले.” त्या माणसाला खरं बोलायची इतकी सवय, की हे सांगताना तो चपलांकडे पाहत होता.

पुढच्या बाजाराला सगुणाबाई केंद्रात आली. सोबत यमुनाबाई. दोघींचं भांडण मिटलं होतं का, ते कळायला मार्ग नव्हता, कारण दोघी एकदमच बोलत होत्या.

“गिरजामावशीकडं जाऊ,” सगुणाबाई म्हणाली. “मले थे मशीन पाहाची हाये. तुमीबी चला.”

मावशी वरठीला राहायची, स्टेशनच्या रस्त्याला. माझा घरी जायचा रस्ताही तोच. आम्ही तिघी ऑटोत बसलो. भाडं सगुणाबाईने ठरवलं, आणि ऑटोवाला वरठीपर्यंत एक शब्द बोलला नाही.

गिरजामावशीचं घर एका खोलीचं. कारखान्यातल्या कामगारांचे कपडे भिंतीला टांगलेले. खिडकीशी ती मशीन, काळी, पायाची, सोनेरी वेलबुट्टी घासून गेलेली. सगुणाबाईने तिच्यावरून हात फिरवला.

“माही मशीन,” यमुनाबाई ऐटीत मला म्हणाली.

गिरजामावशी कपात चहा ओतत होती. ती म्हणाली, “तुही काहून? भाऊजीची.”

“कोणाची?”

“तुह्या नवऱ्याची. त्याले मालूम होतं ना.”

मावशीने कप ठेवले आणि सांगितलं. मंडईनंतर काही दिवसांनी भाऊजी स्टेशनवर कशाला तरी आले होते. मेहुणी इथे राहते असं कळलं म्हणून डोकावले. दारातच उभे राहिले. समोर कोरी मशीन, हार घातलेली. “पाहत राहिले. मंग म्हणाले, चालवून दाखव. मी घाबरली. चालवून दाखवली. त्याइनं अंगातला सदरा काढला, फाटला होता थो शिवून घेतला, अन् पैसे देल्ले. जाताना म्हणाले, घरी सांगू नोको. तिले वाटते मले मालूम नाही. वाटू दे. लय मेहनतीनं खोटं बोलली थे.”

त्यानंतर दर दिवाळीला भाऊजींचा सदरा वरठीतच शिवला गेला. मोहाडीत एवढे शिंपी असताना एवढ्या दूर कशाला, म्हणून यमुनाबाई दर दिवाळीला भांडायची आणि त्या सदऱ्याच्या कॉलरला नावं ठेवायची.

“मंग लोकाइच्या म्होरं मले धांदरट काहून म्हणे थो?” तिने विचारलं.

“नसता म्हणला त् तू पकडली नसती गेली?”

सगुणाबाई खाली बसली. “म्हणजे तुमी दोघं एकमेकाले वाचवत राहिले,” ती म्हणाली, “अना भुगतलं मी.”

“मंग? घरात एक त् इमानदार पाहिजे ना,” आई म्हणाली, पण तिचं लक्ष दाराकडे होतं. “इथंच उभा होता का थो?”

“हाव. इथंच.”

“बोलला असता त् काय गेलं असतं त्याचं?”

“तू बोलली का?” गिरजामावशीने विचारलं. चहावर साय धरली तरी कुणी कप उचलला नाही.

परतीच्या ऑटोत दोघींना बसवून मी माझ्या रस्त्याला लागणार, तोच यमुनाबाईने माझा हात धरला. “मॅडम, मेलेल्या नवऱ्याशी भांडाचं असन, त् तुमच्याकडं काही सोय हाये का?”

मी म्हटलं, आहे. या.

ती आली, एकटीच. मी तिच्यासमोर एक रिकामी खुर्ची ठेवली, त्यांना इथे बसलेलं समजा आणि मनातलं सगळं बोला म्हटलं, आणि या खेपेला रुमाल आतच राहू दिले. म्हातारीने पदर डोक्यावर घेतला आणि खुर्ची थोडी जवळ ओढली. मग म्हणाली, “कॉलर चांगली बसत होती. मीच उगाच बोलत होती.”